वाणात गेलेलं लायकास्ट

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी अमृतभाऊ केदारींनी लायकास्ट ह्या आपल्या ऑर्किडची कुंडी ऊन लागावं म्हणून ओट्यावर आणून ठेवली, आणि तिथंच घोळ झाला. त्याच ओट्यावर यशोधरावहिनींनी हळदीकुंकवाच्या वाणासाठी आंबेहळदीच्या कुंड्या मांडल्या होत्या. थंडीत आंबेहळदीची पानं वाळून जातात, लायकास्टचीही गळून जातात. उरतात ते बोडके कंद. नवऱ्याने आपणहून एका कुंडीची भर घातली, ह्याचं वहिनींना कौतुकच वाटलं.

भाऊ कंपनीच्या बसने तळेगावला गेले. संध्याकाळी लोणावळ्यात परतले तर ओटा रिकामा.

"ती टोकाची कुंडी कुठं गेली?"

"समोरच्या बबिताला दिली. ती शेवटी आली."

"अगं, ते ऑर्किड होतं माझं."

"मग वाणाच्या रांगेत कशाला बसवलंत त्याला?"

"मागून आणतो."

"जा की. वाण परत मागायला जा. उद्या सगळी आळी आपापल्या कुंड्या घेऊन दारात उभी राहील."

भाऊ गेले नाहीत. जेवलेही नाहीत नीट.

चार वर्षांपूर्वी कालिम्पाँगच्या एका रोपवाटिकेतून त्यांनी ते कुरिअरने मागवलं होतं. पाठवणाऱ्याने सोबत 'पिवळं लायकास्ट' एवढंच कळवलं होतं. आता पिवळ्या लायकास्टमध्ये अरोमॅटिका असतं आणि क्रुएंटाही असतं. पानांवरून नि कंदांवरून ओळखू म्हटलं तर फसायला होतं. खरी ओळख फुलातच पटते. फुलाची जी ओठासारखी पाकळी असते, तिच्या आत घशाशी लाल डाग असला तर क्रुएंटा. चार वर्षं भाऊ त्या घशाची वाट बघत होते. पानं गळाली की पाणी तोडायचं, तरच फूल धरतं, हे त्यांना पाठ होतं. पण बोडकं झाड बघून त्यांचा जीव तुटायचा आणि ते रोज चोरून चूळभर पाणी घालायचे. झाड चार वर्षं नुसती पानं देत राहिलं.

बबिताचा नवरा लखन लोणावळा ते पवनानगर जीप चालवायचा. बबिताने वाणाची कुंडी न्हाणीच्या पत्र्याखाली टांगली आणि ती विसरून गेली. होळी झाली, ऊन तापलं आणि त्या विसरलेल्या कुंडीत कंदांच्या बुडातून कळ्या वर आल्या. एकेका दांड्यावर एकेक. भाऊंनी खिडकीतून मोजल्या, मग पडदा ओढला, मग पुन्हा उघडून मोजल्या.

फुलं उमलली त्या रविवारी लखननेच हाक मारली.

"भाऊ, या की. वाण फुललंय. वहिनींचा हात लय गुणाचा."

वहिनींचा हात! भाऊंनी घास गिळावा तसा तो शब्द गिळला. न्हाणीशी जाऊन बघतात तर हळदुली, मेणाची करावी तशी तीनकोनी फुलं, आणि दालचिनीची बरणी उघडल्यासारखा वास.

"खत काय घातलंस?"

"खत? न्हाई ओ. आमी पाणी सुदिक इसरलो."

"काहीच केलं नाहीस?"

"काय करायचं असतंय?"

ह्यावर भाऊंजवळ चार वर्षांचं उत्तर होतं. 

"नाव काय हो ह्याचं? फोटू दावला तर गाडीतली पॅशिंजरं इचारत्यात."

नाव सांगितलं असतं तर लखनने ते सोमवारी पवनानगरपर्यंत प्रत्येक सीटला ऐकवलं असतं. माझं झाड, माझी वाट बघणं, आणि मिरवणार हा. 

"जंगली आहे रे," ते म्हणाले. "रानात उगवतं कुठंही. नाव-बिव काही नसतं त्याला."

एकदा जंगली म्हटल्यावर त्याच फुलाच्या घशात डोकावणार कसं? लखन सकाळी गाडीवर गेला की निवांत येऊन बघू, असं ठरवून भाऊ घरी गेले.

सोमवारी त्यांनी कंपनीत अर्धी सुट्टी टाकली. न्हाणीशी पोचले तर कुंडीत नुसते दांडे.

"फुलं कुठं गेली, बबिता?"

"वाघजाईला वाह्यली की. ह्ये म्हणालं, भाऊ म्हणत्यात रानातलं हाय. रानातलं फूल द्येवीला लय आवडतंय."

आत घरातल्या देव्हाऱ्यात सगळीच्या सगळी फुलं देवीकडे तोंड करून आणि भाऊंकडे पाठ करून ठेवलेली. हात लावायची सोय नाही. भाऊंनी उजवीकडून मान वाकवली, मग डावीकडून, मग जवळजवळ जमिनीला गाल टेकवला.

"केवढी भक्ती," बबिता मागून म्हणाली. "बसा की, भाऊ. पाट देऊ का?"

भाऊ उठले. गुडघे झटकत म्हणाले, "उद्या निर्माल्य काढशील, तेव्हा एक फूल मला ठेव."

"जंगली फुलाचं निर्माल्य? कशाला ओ?"

"नाव शोधून बघतो."

"तुमीच म्हणालात ना, नाव नसतंय म्हणून?"

भाऊ ओशाळून बोटातली अंगठी फिरवू लागले. बबिता हसली. "देते. पर उसनं बरं का, भाऊ. फूल माझं, नाव तुमी द्यायचं. फिटंफाट."

दुसऱ्या दिवशी तिने पळसाच्या पानात बांधून फूल दिलं. भाऊंनी घरी येऊन कडी लावली आणि चिमट्याने ओठाची पाकळी खाली ओढली. घशात, बोट टेकवून उठवावा तसा, गडद लाल डाग. क्रुएंटा. चार वर्षांनी. ते एवढे मोठ्याने हसले की वहिनी पोळी लाटायची सोडून दाराशी आल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

झाड लखनच्या न्हाणीशी होतं, फुलं देवीची झाली होती. आता हे नाव तेवढं आपल्यापाशी आहे, तेही देऊन टाकायचं? भाऊंना काही केल्या जमेना.

आता कुंडीत नवी घडीची पानं फुटली आहेत. बबिता पाणी भरताना हाक मारते, "भाऊ, घावलं का नाव?"

"शोधतोय," भाऊ म्हणतात आणि बस पकडायला जरा जास्तच घाईने निघतात.