वरची फळी

अंबाबाईच्या देवळाबाहेर एक गोल टोपीवाला म्हातारा चपला सांभाळत बसतो. आम्हा पुरुषांच्या चपला तो खालच्या फळीवर भिरकावतो. आयाबायांच्या मात्र खांद्यावरच्या फडक्यानं पुसतो आणि दोन्ही हातांनी वरच्या फळीवर ठेवतो.

परवा मुरगूडहून आलेल्या आईला घेऊन गेलो. तो तिच्या चपला पुसायला लागला तशी ती ओशाळली. "ऱ्हाऊ द्या की भाऊ, शेण लागलंय."

"लागू दे की!" तो खेकसलाच. "आमच्यात म्हणत्यात, आईच्या पायाखाली जन्नत हाय. मग त्या पायाचं शेण मला घाण व्हय?"

आई ओटी घेऊन पुढं निघाली. मी मागून तिच्या भेगाळलेल्या टाचा बघत चाललो. गाभाऱ्यासमोर पोचलो, तरी माझी नजर वर जाईना.