अश्विनीला दिलेल्या सूचना

पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात आमची पलटण शांतिसेनेत होती. अकरा महिने. मी तेव्हा नाईक होतो, रेडिओ सेट माझ्याकडे असायचा. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली लढाई कधीच संपली, माणसं आता शेती करतात, पोरं शाळेत जातात. माझ्या भीतीपायी त्यांच्या गावांना बट्टा नको. भीती मात्र माझी खरी आहे, आणि गेल्या महिन्यात ती मुलुंडला माझ्या घरी परत आली.

रविवारी सकाळी दहाला अश्विनी आली. राहायला भांडुपला, वय पंचवीस, सोलर पंपांच्या कंपनीत इंजिनियर. हवालदार दत्तारामची ही मुलगी. दत्ता आणि मी एकाच दिवशी भरती झालो, गावं शेजारशेजारची, कणकवलीकडची. त्याला बढती आधी मिळाली, पण मी त्याला शेवटपर्यंत दत्त्याच म्हणालो. तो त्या देशातून परत आला नाही. तेव्हा अश्विनी आठ महिन्यांची होती.

कंपनी तिला सहा आठवडे पंप बसवायला बाहेर पाठवत होती. कुठे विचारलं, तर नेमका तोच देश. ती मात्र खुशीत होती, वही उघडून बसली आणि म्हणाली, काका, तिकडे काय काळजी घ्यायची ते सगळं सांगा ना.

सूचना द्यायची मला खोडच आहे. बायको म्हणते, हे भाजीवाल्यालाही ब्रीफिंग देतात. तेव्हा सुरू केलं. यलो फीवरचं इंजेक्शन निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यायचं, आणि त्याचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवायचं. कार्ड नसलं तर विमानतळावरच वाट लागते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून सुरू करायच्या आणि घरी आल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करायच्या. आमच्यातले काही शहाणे सुट्टीच्या आनंदात गोळ्या विसरले, आणि गावी जाऊन चार चार गोधड्यांखाली कुडकुडत पडले. मच्छरदाणी इथूनच न्यायची. नदीत पाय घालायचा नाही, कितीही उकडो, पाण्यातले किडे कातडीतून आत शिरतात. जेवण झाकून ठेवायचं. उंदीर फिरलेलं अन्न सरळ फेकून द्यायचं, तिथे उंदरांमुळे एक वाईट ताप पसरतो.

मग माणसांचं. कुणालाही डाव्या हातानं काही द्यायचं नाही. रस्ता विचारण्याआधी रामराम, मग घरच्यांची चौकशी, पोरांची चौकशी, शेताची चौकशी, आणि मग रस्ता. थेट कामाचं बोललीस तर तुला आईबापांनी काही शिकवलं नाही असं धरतात. नव्या गावात गेलं की आधी मुखियाला भेटायचं. पूल, शिपाई, विमानतळ, यांचे फोटो काढायचे नाहीत. नाक्यावर अडवलं तर गाडी हळू, काच खाली, गॉगल काढलेला, दोन्ही हात समोर दिसतील असे. वाद घालायचा नाही. भांडुप स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी भांडतेस तो आवाज इथेच ठेवून जा, म्हटलं. ती हसली, पण लिहून घेतलं. शेवटी सांगितलं, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, आणि पावसात पूल कसा आहे हे कुणाच्या सांगण्यावर नाही, उतरून डोळ्यांनी बघायचं.

एवढ्यात तिनं फोनवर गावांची यादी दाखवली. अकरा गावं. पाचवं नाव वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाव तेच होतं.

"इथे जायचं नाही," मी म्हणालो. आवाज चढला असणार, कारण बायको आतून बाहेर आली.

अश्विनीनं कारण विचारलं. रस्ता खराब आहे, म्हटलं. ती म्हणाली, नकाशात डांबरी दिसतोय. मी म्हटलं, नकाशा काय कळतो तुला. ती वही मिटून माझ्याकडे बघत राहिली. डोळे बापाचे आहेत तिचे. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "बाबा तिथेच गेले ना?"

हो म्हटलं. आणि मग जे पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आमची चौकी लाल मातीच्या रस्त्यावर होती. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे शस्त्रं घेऊन आपापल्या जागी सज्ज, सातला गस्त, दुपारी शस्त्रांची साफसफाई, असा दिवस. पुढे चार किलोमीटरवर नदी, तिच्यावर लाकडी पूल, पलीकडे आणखी सहा किलोमीटरवर हे गाव. गावातल्या दवाखान्यातली औषधं संपली होती. 13:30 ला लेफ्टनंट साहेबांनी दत्ताला ऑर्डर दिली. चार जवान, एक गाडी, औषधांची खोकी. पूल बघायचा. पाणी पुलावरून जात असेल तर परत यायचं. पूल ओलांडणार असाल तर सेटवर कळवायचं, मग आमची क्यूआरटी, म्हणजे मदतीची दुसरी तुकडी, लगेच निघून पुलाशी उभी राहील. पलीकडच्या जंगलात बंडखोर फिरत होते. क्यूआरटी पुलाशी नसताना कुणी पलीकडे राहायचं नाही, हा नियम होता.

दत्ता 13:45 ला निघाला. रात्रभर पाऊस झाला होता. मी सेटपाशी बसलो. सेटवर हिंदी किंवा इंग्लिश बोलायचं अशी ताकीद होती, पण आम्ही दोघं मालवणीत बोलायचो. घरापासून इतक्या लांब कानावर आपली बोली पडली की बरं वाटायचं. साहेबांनी दोनदा झापलं होतं. आम्ही ऐकलं नाही.

14:20 ला सेट बोलला. दत्ताचाच आवाज.

"पाणी हा..." मग खरखर. मग, "येतंय रे."

पाणी आहे, येतोय. मी असं समजलो. पुलावर पाणी आहे, पार्टी परत येतेय. ऐकलेलं नीट कळलं नाही तर 'से अगेन' म्हणून परत वदवून घ्यायचं, ही सेटवाल्याची पहिली शिकवण. दत्ताच्या जागी तमिळ नाहीतर पंजाबी जवान असता तर मी ते नक्की केलं असतं. पण बोली माझी, माणूस माझा, त्याला काय परत विचारायचं? मी उठून साहेबांना रिपोर्ट दिला, "पार्टी रिटर्निंग, सर."

साहेब म्हणाले, "क्यूआरटी स्टँड डाउन." म्हणजे तयारी सोडा, जायचं नाही.

14:40 पर्यंत गाडी यायला हवी होती. आली नाही. मी सेटवर बोलावलं, उत्तर नाही. नदीपलीकडे टेकडी आहे, तिथे सेट लागत नाही. टायर रुतला असेल असं मी साहेबांना सांगितलं आणि स्वतःलाही तेच सांगत बसलो. 15:05 ला पलीकडून फायरिंगचा आवाज आला.

क्यूआरटीनं बूट काढलेले, गाडीवरून मशीनगन उतरवलेली. निघेपर्यंत बारा मिनिटं गेली. मीही सेट घेऊन चढलो. पूल शाबूत होता. पाणी फळ्यांच्या हातभर खाली वाहत होतं. ते बघितलं आणि मला सगळं कळलं.

आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. अभद्र असतं. 'येतो' म्हणतात. दत्ता निघत होता. जखमी जवानांपैकी एक सांगलीचा होता, त्याला दत्ताचं पूर्ण बोलणं आठवत होतं. "पाणी हा, पण गाडी जाता. चल, येतंय रे." गाडी जाते, हे मधलं खरखरीत गेलं. तो मला निरोप देऊन पुढे गेला, आणि मी त्याची परत यायची वाट बघत बसलो.

आम्ही पोचलो तेव्हा 15:40 झाले होते. वळणावर झाड आडवं टाकलेलं. दत्ताला मांडीत गोळी लागली होती, रक्त खूप गेलं होतं. दोघं जखमी, दोघं ठीक, खोकी लुटलेली. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. तिथेच तो गेला. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्ध्या तासात कुणी पोचलं असतं तर वाचला असता. क्यूआरटी पुलाशी असती तर दहा मिनिटांत पोचली असती.

चौकशी झाली. खराब हवामानामुळे संपर्कात अडथळा, असं कागदावर आलं. मी काय ऐकलं ते मला विचारलं, मी खरं सांगितलं. परत का विचारलं नाहीस, हे कुणी विचारलंच नाही. मी पुढे सुभेदार होऊन रिटायर झालो. दर दिवाळीला भांडुपला जायचो, अश्विनीला फ्रॉक, तिच्या आईला, सुनंदा वहिनींना, फराळ. भिंतीवरच्या दत्ताच्या फोटोकडे बघायचं मात्र टाळायचो.

अश्विनीनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मग तिनं विचारलं, "आवाज कसा होता त्यांचा? घाबरलेला?"

नाही, म्हटलं. मजेत होता. गाडी काढायला मिळाली की तो मजेत असायचा.

तिनं मान हलवली. मग म्हणाली की ती त्या गावात जाणार, तिथे पंप बसणार म्हणजे बसणार. मी विरोध केला नाही. एकच सूचना वाढवली. कुठून निघालीस आणि कुठे चाललीस, दोन्ही नावं घेऊन कळवायचं, आणि समोरच्याकडून ते परत वदवून घ्यायचं. आपला माणूस असला तर दोनदा. तिनं लिहून घेतलं, त्याखाली रेघ मारली, आणि विचारलं, "आईला माहीत आहे हे?"

नाही म्हटल्यावर ती उठून उभीच राहिली. मग चला, म्हणाली.

मुलुंडहून भांडुप म्हणजे रिक्षानं किती? वीस मिनिटं. फायरिंगखाली मी एवढा घाबरलो नव्हतो. एकदा वाटलं, रिक्षा थांबवावी आणि उतरून चालू पडावं. पंचवीस वर्षं ज्या बाईनं मला भावजी म्हणून ताटावर बसवलं, तिला सांगायचं होतं की तुमचा नवरा माझ्यामुळे गेला. जिना चढताना अश्विनीनं माझा हात धरला.

सुनंदा वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, वेळांसकट, रिपोर्ट द्यावा तसं. दुसरं काही जमत नाही मला. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. शिव्या देतील, घराबाहेर काढतील, अशी माझी तयारी होती. मी माफी मागितली. त्यांनी मला बसायला लावलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "माका पण तो दारात तसाच सांगान गेलो. येतंय म्हणान. मिया पण तुमच्यासारख्याच ऐकलंय."

मी मान खाली घालून बसलो. खूप वेळानं वर बघितलं. समोर भिंतीवर दत्ता होता, युनिफॉर्ममध्ये, एकतीस वर्षांचा. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्याकडे नीट बघता आलं.