पुदिन्याचं कॉकटेल आणि ठेच्याचा पाटा

आमच्या घरात चार पाहुणे जमले की मुलं मला ती गोष्ट सांगायला लावतात. 'बाबा, ते दारूत ठेचा गेला होता, ते सांगा ना.' मीही आढेवेढे घेत नाही. घसा साफ करतो, साहेबांसारखे डोळे पांढरे करून दाखवतो, सगळे हसतात आणि गोष्ट संपते. मुलांची आई त्या वेळी हमखास काहीतरी आणायला आत गेलेली असते. मी जिथं थांबतो तिथं ती गोष्ट संपत नाही, हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे.

नव्वदच्या आसपासचा काळ. मी आदिलाबादला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. साहेब आंध्राकडचे, हौशी माणूस. त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला, तो बर्बनची बाटली आणि तिकडच्या घोड्यांच्या शर्यतीची व्हिडिओ कॅसेट घेऊनच. बर्बन म्हणजे मक्याची दारू. तिकडे म्हणे ही शर्यत बघताना हातात बर्बन, साखर, पुदिना आणि बर्फ घातलेला ग्लास लागतोच. साहेबांनी ठरवलं की रविवारी दुपारी आपणही तसंच करायचं. भाड्यानं व्हीसीआर आणायचा, चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक घोडा द्यायचा आणि ज्याचा घोडा पहिला येईल त्याला जवळच्या निर्मल गावी बनणारा लाकडी खेळण्यातला घोडा बक्षीस.

"कॉकटेल कौन बनाता?" साहेबांनी कचेरीत विचारलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तेवढी वर केली. ही माझी जुनी खोड.

"मैं बनाता ना साब. हैदराबाद में ट्रेनिंग को था, तब सीखा."

मी हैदराबादला ट्रेनिंगला गेलो होतो, हे खरं. तिथं एका बऱ्या हॉटेलात लिंबू सरबत प्यायलो होतो, हेही खरं. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

आता ह्यात बायकोचं काय होतं ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आमच्या कॉलनीत बालवाडी निघणार होती आणि तिथं बाई कोण ठेवायची ते साहेबांच्या मॅडम ठरवणार होत्या. माझी बायको मॅट्रिक झालेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. ही नोकरी मात्र तिला हवी होती. मॅडमनी तिला रविवारी भजी तळायला मदतीला बोलावलं. भजी निमित्ताला. बाई कशी आहे ते त्यांना बघायचं होतं आणि तिलाही ते ठाऊक होतं. तिनं चार दिवस आधीच साडीला खळ घालून ठेवली.

साहेबांच्या भावानं मला कागदावर कृती लिहून दिली होती. ग्लासात साखर टाका, पुदिन्याची पानं चमच्याच्या पाठीनं हलकेच दाबा, कुटू नका, वर बर्फाचा चुरा आणि बर्बन. वाचून मला त्या माणसाची कीव आली. पुदिना आणि नुसता दाबायचा? आमच्या घरात पुदिना आला की त्याची चटणीच व्हायची. वाटल्याशिवाय त्याला चव येते हे मी कधी ऐकलं नव्हतं. रविवारी सकाळी दोन जुड्या निवडून मी पाट्यावर बसलो.

"तिथं काऊन बसून राह्यले?" बायको म्हणाली. "तो ठेच्याचा पाटा हाय."

"धुतला नाहीस का?"

"तीन पाण्यानं धुतला. पन दगड हाय तो, तिखट मुरलेलं राह्यते त्यात. खलबत्ता घ्या."

"खलबत्त्यात रस निघत नाही."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"हैदराबादला शिकलो."

"हैदराबादले तुमी पंधरा दिवस होते. त्यातले आठ दिवस तापानं पडून होते, असं तुमीच पत्रात लिवलं होतं."

मी वरवंटा जोरात फिरवला. साखर घालून पुदिन्याचा असा हिरवागार गोळा वाटला की पाहतच राहावं. स्टीलच्या डब्यात भरला. बर्फाच्या कारखान्यातून भुशातली अर्धी लादी पोत्यात घालून सायकलवर आणली, धुतली आणि साहेबांच्या मागच्या अंगणात फोडली.

आठ-नऊ जण जमले होते. मी प्रत्येक ग्लासात गोळ्यातला चमचाभर पुदिना घातला, बर्फ भरला, वरून बर्बन ओतली. दिसायला बाकी झकास दिसत होतं. साहेबांचा हुकूम होता की घोडे सुटल्याशिवाय कोणी ग्लास तोंडाला लावायचा नाही. टीव्हीवर घोडे सुटले आणि सगळ्यांनी एकदम मोठा घोट घेतला.

आधी गोड लागलं असणार, मग गार. आणि मग सहा वर्षांचा ठेचा, हिरव्या मिरचीसकट आणि लसणासकट, सावकाश वर आला. साहेबांचे डोळे पांढरे झाले. हेडक्लार्क पाणी मागायला लागले. अमेरिकेचा भाऊ खोकत खोकत बाहेर पळाला, आणि नेमका त्याचाच घोडा पहिला आला. तिकडची ती शर्यत दोन मिनिटांची. आम्ही चार दिवस तयारी केली आणि प्रत्यक्ष शर्यत एकट्या चपराशानं पाहिली, कारण त्याला ग्लास दिलेला नव्हता.

मुलांना सांगतो ती गोष्ट इथं संपते.

खोकला बसल्यावर साहेबांनी विचारलं, "क्या डाला रे इसमें?"

सगळे माझ्याकडे बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात बायको भज्यांचं ताट घेऊन उभी होती आणि तिच्या मागे मॅडम. माझ्याजवळ खरं उत्तर होतं आणि ते चार शब्दांचं होतं: गलती मेरी है साब. मी म्हणालो, "क्या करना साब, घरवाली पत्थर धोतीच नहीं."

मोठा हशा झाला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. बायकोनं ताट टेबलावर ठेवलं, एक भजं खाली पडलं होतं ते उचललं आणि ती आत गेली.

आमच्या आजोबांच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं. वडील शिकले, मास्तर झाले, मी कारकून झालो आणि आम्ही ह्या कॉलनीत आलो. बायकोची भांडी आरशासारखी असत, उंबऱ्यावर धुळीचा कण नसे. काऊन एवढं घासते, असं मी तिला कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. कुणीतरी आमच्या घराकडे बोट दाखवेल म्हणून ती सहा वर्षं घासत होती. आणि बोट दाखवलं ते मी.

घरी येताना मी म्हटलं, "अगं, गमतीत बोललो."

"हो. हसले ना सगळे," ती म्हणाली.

सोमवारी खरं सांगायचंच असं ठरवून मी साहेबांच्या घरी गेलो. मॅडम दारातच होत्या.

"मॅडम, वो कल का पत्थर का..."

"अरे छोड़ो, कितना हँसे हम लोग," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसायला लागल्या. त्यांच्याबरोबर मीही हसलो. मग त्या जरा गंभीर झाल्या. "बालवाडी में दूसरी को रख रहे. बच्चों का मामला है ना, साफ-सफाई देखना पड़ता."

मी मान हलवली. खरंच सांगतो, 'बराबर है मॅडम' असंही म्हणालो.

घरी बायको सुपात ज्वारी पाखडत बसली होती. तिनं वर पाहिलं.

"त्यांना तेलुगू येणारी बाई पाहिजे होती," मी म्हणालो.

सूप थांबलं.

"मले तेलुगू येते," ती म्हणाली. "सातवीपर्यंत तेलुगू शाळेत होती मी. काल मॅडमसंगं दुपारभर तेलुगूतच बोलली."

ह्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण आठवतं. मी म्हणालो, "जेवायला वाढ." आणि तिनं वाढलं.