चौकोनी मानेची गिटार

आमच्या आत्याला कुणी 'नको' म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजा. गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचं तिने ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. आज तिच्या गॅरेजसमोर ट्रकवाले ताटकळत उभे असतात. तरुणपणी ती एका वाद्यवृंदात गिटार वाजवायची. मग एकदा चालू पंख्यात तिचा डावा हात गेला. बोटं वाचली, पण वळेनात. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तिची गिटार परस्पर कुणाला तरी देऊन टाकली. "डोळ्यांसमोर असली की जीव तुटतो," म्हणाले. कुणाचा जीव, ते तिला विचारलं नाही. मला याचा अजूनही राग येतो.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भंगारवाला एक विचित्र गिटार घेऊन आला. लाकडी अंग, त्यावर काळा ऑइलपेंट आणि पोटावर भोकाभोकांची पत्र्याची थाळी. "ताई, यातला पत्रा तुमच्या कामाचा आहे का बघा."

आत्याने ती अख्खीच ठेवून घेतली. बाबांनी उलटीपालटी करून पाहिली. मान चौकोनी, मुठीत न मावणारी, आणि तारा तिच्यापासून बोटभर उंच. "या तारा धडधाकट माणसालाही दाबता यायच्या नाहीत," ते म्हणाले. "बनवणाऱ्याने माती खाल्लीय. दे फेकून."

आत्याच्या डोक्यात मात्र ती मान घर करून बसली. एक दिवस जेवताना ती घास तसाच ठेवून उठली. "आणि दाबायच्याच नसतील तर?"

तिने गिटार मांडीवर आडवी घेतली, एक गुळगुळीत लोखंडी दांडा डाव्या हाताच्या अंगठ्याने ताठ बोटांशी धरला आणि तारांवरून सरकवला. गंजलेल्या तारा कण्हल्या, पण सूर चढत गेला. "अगं, ही मांडीवरच वाजवायची असते! बोटं वळायला नकोतच हिला!" मला सांगताना ती हसत होती आणि रडतही होती.

थाळीचे स्क्रू काढले, तर आत ॲल्युमिनियमचा पातळ शंकू निघाला, स्पीकरच्या पडद्यासारखा. तारांचा आवाज तोच मोठा करत असणार. एका बाजूने तो दबला होता. आत्याने लाकडी चमच्याच्या पाठीने हळूहळू चोळून तो वर आणला. काळा रंग खरवडला, खुंट्या बदलल्या, नव्या तारा चढवल्या. आणि वाजवून पाहिलं, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा.

बाबा होतेच तिथे. "झाली ना हौस? कशाला जिवाला लावून घेतेस? लोक हसतात."

"हसू देत. दात तरी दिसतील." पण ते गेल्यावर ती खुर्चीत मटकन बसली. तिला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने पुन्हा सगळं उघडलं आणि कपाळावर हात मारला. शंकूच्या काठाखाली तिने स्वतःच रबराचं पॅकिंग घातलं होतं, अगदी नीट कापून. दोन भागांमध्ये पॅकिंग नसलं, तर तिला चैन पडत नाही.

"मी हिलाही रेडिएटरच समजले की गं! इथे काय पाणी अडवायचंय? गळू दे आवाज, सगळा गळू दे!" तिने पॅकिंग ओढून काढलं आणि शंकू नुसता लाकडावर टेकवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती गॅरेजच्या दारात वाजवायला बसली. आवाज पार पलीकडच्या गल्लीत गेला. ट्रकवाले गाड्या सोडून आले. बाबा धावत आले. "अगं, शटर तरी ओढ!"

"नाही ओढणार. दादा, तेव्हा तू मला विचारलं नाहीस. आज मी तुला विचारत नाहीये."

बाबा तिथेच उभे राहिले. आत्याने दांडा सरकवला, तो जरा पुढे गेला आणि सूर चुकला. तिने मान वर न करता तो पुन्हा घेतला, आणखी जोरात.