सगळ्यात वरचा स्वेटर

आमची आत्या संग्रहालयात उत्खननातली खापरं धुते. खापर जमिनीच्या ज्या थरात सापडलं, त्याच थराच्या ट्रेमध्ये वाळत घालायचं. खालचं जुनं, वरचं अलीकडचं. एवढ्यावरून हजारो वर्षांचा क्रम लागतो. ओल्या मातीच्या वासात तिची अशी तंद्री लागते, की कुठल्या युगात पोचते कोण जाणे.

घरी मात्र हा नियम ती धाब्यावर बसवते. पेटीत काहीही ठेवायचं झालं की आधी सगळं उपसते आणि आतोबांचा स्वेटर पुन्हा सगळ्यात वर ठेवते. आतोबांना जाऊन बारा वर्षं झाली.

"आत्या, पुढे कुणी ही पेटी खणली तर हिशेब चुकेल त्यांचा," मी म्हटलं.

"चुकू दे मेल्यांचा," स्वेटरवरून हात फिरवत ती म्हणाली. "म्हणू देत, हा माणूस कालपर्यंत घरात होता."