आतड्याची तार

मॅडमनी माझ्या आईचा डबा दोन बोटांनी उचलला. कडीला धरून, अंगापासून लांब. झाकण उघडलं, आत बघितलं आणि घाईघाईनं परत लावलं.

"हे काय आहे?"

"वजडी," आई म्हणाली. हसून म्हणाली. तिला वाटलं, बाई कौतुकानं विचारतायत.

"म्हणजे?"

"मेंढ्याची आतडी, मॅडम. सोच्छ धुतलीया. पोरीला लई आवडते."

"आज गुरुवार आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि ही साधनेची जागा आहे. हे फाटकाच्या आत चालणार नाही."

डबा वॉचमनच्या हातात गेला. त्यानं तो फाटकाबाहेर आपल्या खुर्चीखाली ठेवला. डब्यामागोमाग आईलाही बाहेर जावं लागलं, कारण मॅडमनी फाटक ओढून घेतलं. मी आतच राहिले. हातात व्हायोलिन होतं. त्याच्या चारही तारा मेंढीच्या आतड्याच्या होत्या.

नीट सांगते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. चिखलीत राहणारी. आई भोसरीच्या एका शेडमध्ये नट-बोल्ट पॅक करायची, अजूनही करते. व्हायोलिन मला वस्तीतल्या काकांनी शिकवलं. ते जयंतीच्या गायन पार्टीत वाजवायचे. मांडी घालून बसायचं, वाद्य छातीला टेकवायचं आणि गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, ही त्यांची पद्धत. सहा वर्षं शिकवलं आणि चहाशिवाय काही घेतलं नाही.

मग कुणीतरी मोबाइलवर एक फॉर्म दाखवला. चाकणच्या पुढे डोंगराला लागून एका कारखानदाराचं फार्महाऊस, तिथे मे महिन्यात पंधरा दिवसांचं निवासी शिबिर. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात व्हायोलिन जसं वाजायचं तसं शिकवणार. त्या संगीताला बरोक म्हणतात. फॉर्मवर एक जागा 'गरजू व होतकरू' विद्यार्थ्यासाठी होती. ती मला मिळाली. पहिल्या दिवसापासून शिबिर चालवणाऱ्या मॅडम माझी ओळख तशीच करून द्यायच्या. बाकीच्या चौदा जणांना नावं होती. मी गरजू होते.

तिथे गंमत झाली. जुन्या पद्धतीत हनुवटी टेकायचा तुकडा व्हायोलिनला नसतो. वाद्य खाली, गळ्याजवळ नाहीतर छातीवर धरायचं. बंगल्यांतून आलेली ती पोरं पहिल्याच दिवशी घामाघूम झाली. वाद्य घसरायचं, ती किंचाळायची. मी आपली बसले आणि वाजवायला लागले. शिकवायला आलेले परदेशी सर टाळ्या वाजवत म्हणाले, हिला बघा. मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी त्या पोरांना वाद्य धरायला शिकवू लागले. शिकवायला मी, आणि बसायला शेवटची रांग.

सरांनी पहिल्याच दिवशी ताराही दाखवल्या होत्या. मेंढीचं आतडं धुतात, चरबी खरवडतात, पीळ देतात, ताणून वाळवतात. मॅडमनी पोरांना मराठीत सांगितलं, "एकदम नॅचरल मटेरियल आहे हं." एकालाही किळस आली नाही. मी मनात हसले. त्यातलं अर्धं काम दर गुरुवारी आमच्या मोरीत होतं. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, म्हणून आमच्याकडे वजडीही गुरुवारची. चुना लावायचा, गरम पाणी ओतायचं, आतडं उलटं करून खरवडायचं. आईचा हात त्यात इतका बसलाय की वाकडं बोलायला जागाच नाही.

म्हणून ती त्या गुरुवारी पहाटे उठली. चिखली ते मोशी रिक्षा, मोशी ते चाकण बस, पुढे सहा-सीटर आणि शेवटी उन्हात पायी. दहा दिवस लेकीनं घरचं खाल्लं नव्हतं, एवढंच तिच्या डोक्यात.

फाटकाच्या आतून मी तिला काय म्हणाले, तेही सांगते. ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

मी म्हणाले, "आई, तू जा आता. परत असलं काही आणू नकोस."

मॅडमना एक शब्द बोलले नाही. आईला बोलले.

"व्हय माय, चुकलंच माझं," ती म्हणाली. "तू जा. वाजीव."

वॉचमन जवळच्या गावातला म्हातारा माणूस. तो म्हणाला, "ताई, मला न्हाई सोडता येत आत. पर हितं सावली हाय. बसा." मग त्या दोघांनी खुर्चीशेजारी बसून भाकरी आणि वजडी खाल्ली. मी हॉलच्या खिडकीतून बघत होते. आईनं नळावर डबा घासला, पालथा करून झटकला आणि गेली. मला लाज वाटत होती. आधी आईची वाटली, मग स्वतःची वाटली. ती दुसरी अजून गेलेली नाही.

त्याच दुपारी सरांसाठी चाकणहून चिकन आलं. रोजच यायचं. फाटकातून, वॉचमनसमोरून, थेट खोलीत. मी मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "अगं, त्यांची संस्कृती वेगळी आहे." वा! सरांनी खाल्लं की संस्कृती. आम्ही खाल्लं की गुरुवार.

शेवटच्या दिवशी कार्यक्रम होता. पुढच्या रांगेत कारखानदार, त्यांच्या बायका, मोठमोठ्या सोसायट्यांतले पालक. शिबिरात मी वाजवत होते ते व्हायोलिन एका विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी मिळणार होतं. मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"तुझंच नाव आहे. फक्त आभारप्रदर्शन तू कर. तू केलंस की बरं दिसतं. लिहून आणलंय, तेवढंच वाच."

कागदावर होतं: मी एका गरीब वस्तीतली मुलगी. संगीत म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. मॅडमनी मला अंधारातून बाहेर काढलं.

खोटं कशाला बोलू, ते व्हायोलिन मला हवं होतं. जीव अडकला होता त्यात. काकांच्या व्हायोलिनला तडा गेलेला, एम-सील लावून जोडलेलं. हे मात्र नुसतं गज टेकवला तरी बोलायचं. कागद वाचायला दोन मिनिटं लागली असती. दोन मिनिटं मान खाली आणि दोन वर्षं ते व्हायोलिन.

मी माइकसमोर गेले. कागद घडी करून खिशात टाकला.

"संगीत मला ठाऊक होतं," मी म्हणाले. "चिखलीतल्या काकांनी शिकवलं. त्यांचे आभार. दुसरे आभार मेंढीचे. तुम्ही आत्ता जे ऐकलंत आणि डोळे मिटून माना डोलावल्यात, ते मेंढीच्या आतड्यांवर वाजलं. माझी आई गुरुवारी तीच आतडी शिजवून घेऊन आली होती. तिला फाटकाबाहेर बसवलं. इथे आतडं हातात धरलेलं चालतं, कानाला गोड लागतं. फक्त ते धुणारी बाई आत चालत नाही. त्या बाईचे आभार. बाकी कुणाचे मानायचे राहिले असतील तर ते राहू देत."

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेतली एक बाई आपल्या पोराच्या, मांडीवर ठेवलेल्या व्हायोलिनकडे बघत होती. हळूच तिनं ते खुर्चीवर ठेवलं आणि साडीला हात पुसले. त्या भाषणाला मिळालेली तीच एक दाद.

"इतकं केलं तुझ्यासाठी," मॅडम आत येऊन म्हणाल्या. मी व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि पेटी त्यांच्यासमोर सरकवली. फाटकाशी वॉचमन उठून उभा राहिला.

घरी आईनं विचारलं, "मग? वाद्य दिलं का?"

"नाही."

"मागितलंस?"

"नाही."

"मग बरं केलंस," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्या गुरुवारबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, जेव आधी.

आता मी दिवसा कंपनीत क्वालिटीला आहे. संध्याकाळी विहारात पोरापोरींना शिकवते, काकांच्याच व्हायोलिनवर. तारा आई आणि मी मिळून घरी करतो. तिनं धुवायचं, मी पीळ द्यायचा. पहिल्या चार तुटल्या. पाचवी टिकली.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. आवाज मधाळ. परदेशी सर परत येतायत, त्यांना माझी आठवण आहे. ह्या वेळी विद्यार्थी म्हणून नाही, शिकवायला ये. मानधन, वेगळी खोली, सगळं देऊ.

मी म्हणाले, "आईचा डबा फाटकातून आत येईल का?"

त्या म्हणाल्या, "अगं, अजून तेच धरून बसलीस?"

"हो," मी म्हणाले. "अजून तेच. तुम्ही फाटक उघडेपर्यंत तेच."

आणि फोन मी ठेवला.