मोळी खरी हाय

परवा केडगावात उसाची हिरवी वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, भरलेली बैलगाडी शेजारून गेली आणि त्या ओल्या, गोडसर वासाने मला माझी पहिली शॉर्टफिल्म आठवली. तेव्हा मी नगरला कॉलेजात होते. प्रोजेक्टसाठी ऊस तोडणाऱ्या बाईवर फिल्म करायची म्हणून मैत्रिणीचा मोबाईल आणि उसना स्टँड घेऊन मी नेवाशाकडच्या एका उसाच्या फडात गेले. पाथर्डीकडून आलेली एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होती. पहिल्यांदा मोबाईल हलला, दुसऱ्यांदा मध्ये कुत्रं आलं, तिसऱ्यांदा ऊन ढगाआड गेलं. दर वेळी मी म्हणायचे, "मावशी, परत एकदा," आणि ती मुकाट्याने तीच मोळी घेऊन खाली उतरायची. चौथ्यांदा मात्र तिने मोळी जमिनीवर ठेवली, पदराने मान पुसली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, तुमचं शूटिंग खोटं आसंल, पन मोळी खरी हाय." मी ओशाळून मोळी उचलायला गेले, तर मला ती जागची हलवतासुद्धा आली नाही. ती बाई हसली, दुसऱ्या बाईच्या मदतीने मोळी डोक्यावर घेतली आणि कामाला लागली. मी स्टँड मिटवला. फिल्ममध्ये तो पहिला, हललेला शॉटच ठेवला. सरांनी त्याचे मार्क कापले. आता मी लग्नांचं शूटिंग करते. शॉट हुकला तरी नवरीला पुन्हा हार घालायला सांगणं काही मला जमत नाही, आणि त्यावरून तिच्या घरचे कधीकधी नाराजही होतात.